गाड्या सुरू होण्याआधी: ‘गोइंग-टू-द-सन’ घाट सायकलने

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधून आरपार जाणारा डांबरी रस्ता एकच, ‘गोइंग-टू-द-सन रोड’. लांबी सुमारे 80 किलोमीटर, तिथल्या हिशेबाने 50 मैल. भर उन्हाळ्यात या अरुंद घाटात मोटारीला मोटार लागलेली असते आणि सायकलवाल्याचं अर्धं लक्ष मागून येणाऱ्या गाड्यांकडे जातं. पण दरवर्षी वसंतात काही आठवडे असे येतात, की बर्फ काढणारी यंत्रं खालून वर सरकत असतात, त्यांच्या मागे रस्ता मोकळा होत जातो आणि मोटारींसाठीचं फाटक मात्र अजून बंदच असतं. फाटकाच्या बाजूने सायकल आत घ्यायची आणि निघायचं. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला दरी, कानावर फक्त पाण्याचा आवाज. पार्कमध्ये या दिवसांना ‘हायकर-बायकर सीझन’ म्हणतात.

मी या रस्त्यावर तीन वेळा गेलो. पहिल्या दोन वेळा खिंडीपर्यंत पोचलो नाही आणि त्या दोन्ही फेऱ्या मला तितक्याच प्रिय आहेत. इथे कुठवर जायचं हे बर्फ ठरवतो. आपल्या हातात असते ती परत फिरायची वेळ. खालचं सगळं नियोजन त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी रस्त्याची बांधणी समजून घ्या

रस्त्याचा माथा म्हणजे लोगन पास ही खिंड, उंची 2,026 मीटर (6,646 फूट). इथेच खंडाची पाणलोट रेषा ओलांडली जाते. पश्चिमेचं पाणी पॅसिफिककडे जातं. रस्ता 1932 साली पुरा झाला आणि 15 जुलै 1933 रोजी त्याचं उद्‍घाटन झालं.

आखणी करताना सुरुवातीला एका दरीतून पंधराएक नागमोडी वळणं घेत वर जायचा बेत होता. पार्क सेवेतले भूदृश्य-रचनाकार (लँडस्केप आर्किटेक्ट) थॉमस व्हिंट यांनी वेगळा मार्ग सुचवला: एकच मोठं वळण घ्यायचं आणि मग ‘गार्डन वॉल’ नावाच्या कड्याच्या कुशीतून रस्ता तिरका चढवत न्यायचा. तोच मार्ग निवडला गेला. त्यामुळे चढ कुठेही साधारण सहा टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. सायकलवाल्याला याचा अर्थ खिंडीजवळ कळतो. एकदा जमलेला गिअर आणि जमलेला श्वास तासभर तसाच चालू राहतो, मध्ये उरात धडकी भरवणारा एकही तुकडा नाही. गाडीत बसलेल्याला ही आखणी फक्त दिसते, सायकलवर ती पोटऱ्यांना जाणवते.

पश्चिमेकडून अंतरं अशी: लेक मॅकडोनाल्ड लॉज या तळ्याकाठच्या हॉटेलापासून अ‍ॅव्हलांच क्रीक या ओढ्यापर्यंत साधारण 9 किलोमीटर, तिथून ‘द लूप’ या मोठ्या वळणापर्यंत सुमारे 13, आणि लूपपासून लोगन पासपर्यंत आणखी 13. म्हणजे अ‍ॅव्हलांचपासून खिंड 26 किलोमीटर (16 मैल), आणि चढाई साडेनऊशे मीटरच्या आसपास. त्यातली बहुतेक चढाई लूपच्या वर आहे. पहिले 13 किलोमीटर पाय मोकळे करण्यासाठीच आहेत असं समजा.

कोणत्या आठवड्यात जायचं

बर्फ काढायचं काम साधारण एप्रिलच्या सुरुवातीला सुरू होतं. रस्ता मोटारींसाठी पूर्ण कधी उघडेल याची तारीख कुणीच आधी सांगू शकत नाही. 2022 साली तो 13 जुलैला उघडला आणि 2023 साली 13 जूनला, बरोबर एक महिन्याचा फरक. पूर्वेच्या बाजूला खिंडीजवळ ‘बिग ड्रिफ्ट’ नावाचा बर्फाचा ढीग साठतो, तो काही वर्षी 24 मीटरपर्यंत (80 फूट) उंच असतो. सगळं वेळापत्रक बरंचसं त्याच्यावर अवलंबून.

एप्रिलमध्ये सायकल जेमतेम नदीकाठच्या सपाट भागात चालते. मेच्या मध्यापर्यंत बहुधा लूप किंवा त्याच्या थोडं वर जाता येतं. मेचा शेवट आणि जूनचे पहिले दोन आठवडे हा माझ्या मते सगळ्यात भरलेला काळ: धबधबे फुगलेले, वर बर्फाच्या भिंती आणि खिंडीपर्यंत पोचायची बऱ्यापैकी शक्यता. पण खिंड हवीच म्हणून जूनच्या मध्यापर्यंत थांबलात, तर एके सकाळी मोटारी सुरू झाल्याची बातमी येईल. मला निवड करायची झाली तर मी खिंड सोडून शांतता घेईन.

फलक वाचायला शिका

या सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. रस्त्यावर दोन वेगवेगळ्या प्रकारची बंदी असते आणि नवखे लोक त्यात गोंधळतात.

पहिली बंदी काम चालू असल्याची. यंत्रं बर्फ ढकलत असतात तेव्हा त्यांच्या अलीकडे हा फलक लागतो. कामाच्या वेळात, म्हणजे मुख्यतः आठवड्याच्या कामाच्या दिवशी, त्याच्या पुढे जायचं नाही. काम थांबलं की, आणि शनिवार-रविवारी, बहुधा आणखी पुढे जाता येतं. दुसरी बंदी हिमस्खलनाच्या धोक्याची. ती रात्रंदिवस, सातही दिवस लागू असते. वर डोंगरावरून बर्फ सुटण्याच्या चाळीसहून जास्त वाटा या रस्त्याला छेदतात. सकाळी घट्ट असलेला बर्फ दुपारच्या उन्हाने पाणी पिऊन जड होतो आणि सुटतो. फलकापाशी उभं राहिल्यावर पुढचा रस्ता कोरडा, स्वच्छ, बोलावणारा दिसतो. धोका रस्त्यावर नसतो, तो हजार फूट वर असतो आणि खालून दिसत नाही.

पार्कच्या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती रोज दिलेली असते आणि सायकलने कुठवर जाता येईल हेही त्यात असतं. आदल्या रात्री पाहा आणि सकाळी पुन्हा पाहा. आत शिरल्यावर मोबाइलला रेंज मिळेल असं धरून चालू नका, म्हणून पान उघडून त्याचा फोटो काढून ठेवा.

आणखी एक लक्षात घ्या. मोटारी नाहीत याचा अर्थ रस्ता पूर्ण रिकामा असा होत नाही. पार्कच्या कामाच्या गाड्या कधीही येऊ शकतात. वर-खाली दोन्हीकडे आपली उजवी बाजू सोडायची नाही, वळणावर तर मुळीच नाही.

पोचायचं कसं

विमानाने येणाऱ्यांना कॅलिस्पेलचा विमानतळ जवळचा. रेल्वेने यायचं तर शिकागो आणि वायव्य किनारा जोडणारी ‘एम्पायर बिल्डर’ गाडी वेस्ट ग्लेशियरला थांबते, आणि तिथून अ‍ॅपगार गावापर्यंत सायकलींसाठी वेगळी पक्की वाट आहे. सामानासकट दौऱ्यावर असाल तर हा मार्ग फार सोयीचा. अ‍ॅपगारपासून लॉजपर्यंतचा तळ्याकाठचा रस्ता मात्र मोटारींचा आहे, अरुंद आणि बाजूपट्टी नसलेला. तो भल्या सकाळी उरकून घ्या.

प्रवेश शुल्क सायकलवर आलात तरी लागतं. 2026 पासून अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांना या पार्कात माणशी 100 डॉलर जादा द्यावे लागतात, ते खर्चात धरून ठेवा.

मेच्या मध्यापासून अ‍ॅव्हलांचपर्यंत मोटारी सोडल्या जातात आणि मोटारमुक्त रस्ता तिथून सुरू होतो. त्याआधी फाटक लॉजपाशीच असतं. शनिवार-रविवारी अ‍ॅव्हलांचचा वाहनतळ सकाळीच भरतो. त्यासाठी मे-जूनमध्ये शनिवार-रविवारी खालून एक मोफत शटल असते, तिच्यामागे सायकली वाहणारा ट्रेलर जोडलेला असतो. वेळा फलकावर असतात. शेवटच्या फेरीची वेळ आधी बघा, पहिलीची नंतर.

सायकल आणि अंगावरचे कपडे

सायकल कोणतीही चालेल, पण खालचा गिअर खरोखर खालचा हवा. पुढे 34 दातांची चकती आणि मागे 34 दातांची, हे रिकाम्या सायकलला पुरेसं. पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या) लावले असतील तर त्याहून हलका गिअर लागेल. टायर 32 ते 40 मिलिमीटर रुंद घ्या. यंत्रं नुकतीच गेलेल्या रस्त्यावर कड्यावरून सुटलेल्या दगडांचे धारदार तुकडे पडलेले असतात, रुंद टायर तिथे अब्रू राखतो. दोन ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान, साखळीचा जोड. निघण्यापूर्वी ब्रेकचे पॅड काढून पाहा. 26 किलोमीटरचा ओला, वाळूमिश्रित उतार जुना पॅड एका दिवसात संपवू शकतो.

कपड्यांचा हिशेब उतारासाठी करा, चढासाठी नाही. चढताना एक पातळ सदरा पुरतो. वर थांबलात की दोन मिनिटांत घाम गार होतो आणि जूनमध्येही खिंडीत बर्फ पडू शकतो. माझ्या पिशवीत हे असतंच: वारा अडवणारं जाकीट, एक कोरडा लोकरी थर, कानटोपी, पावसाची विजार आणि पूर्ण बोटांचे जाड, पाणी न शिरणारे हातमोजे.

हातमोज्यांवर दोन ओळी जास्त लिहितो. पहिल्या वर्षी मी अर्ध्या बोटांचे घालून गेलो होतो. परतताना एका जागी कड्यावरून गळणारं पाणी अंगावर आलं आणि पाच मिनिटांत माझी बोटं ब्रेकच्या दांड्यावर आहेत की नाहीत हे मला फक्त डोळ्यांनी कळत होतं. लूपपाशी कसाबसा थांबलो. हात काखेत धरून दगडी कठड्याच्या उन्हातल्या बाजूला टेकून बसलो. आधी काहीच वाटेना, मग बोटांच्या टोकांत सुया टोचल्यासारखी कळ आली. बर्फाळ घाटात ब्रेक निकामी होतो तो असाही.

पाणी दोन ते तीन लीटर बरोबर घ्या. वाटेत नळ नाहीत आणि ओढ्यांचं पाणी कितीही निर्मळ दिसलं तरी गाळून किंवा शुद्ध करूनच प्यायचं. खाण्याचं सगळं खालूनच न्यायचं आणि प्रत्येक कागद परत आणायचा. इथे तो फक्त कचरा नसतो, अस्वलाला लागणारी सवय असते.

अस्वलं

काळं अस्वल आणि ग्रिझली, दोन्ही इथे आहेत. वसंतात वरचा भाग बर्फाखाली असल्याने कोवळं गवत आधी खाली आणि रस्त्याच्या कडेला उगवतं, अस्वलंही तिथेच येतात. चालणाऱ्यापेक्षा सायकलवाल्याला धोका अधिक, कारण सायकल आवाज न करता वेगाने वळणावरून पुढे येते. जून 2016 मध्ये पार्कच्या हद्दीबाहेर, वेस्ट ग्लेशियरजवळच्या जंगलवाटेवर, वेगाने जाणारा एक सायकलस्वार आंधळ्या वळणावर ग्रिझलीवर आदळला आणि त्यात त्याचा जीव गेला.

म्हणून पुढचं दिसत नाही अशा प्रत्येक वळणाआधी मोठ्याने ओरडायचं. घंटीवर भिस्त ठेवू नका, माणसाचा आवाज काढा. मी ‘ए, येतोय रे!’ असं मराठीतच ओरडतो. अस्वल आणि लांडगा यांच्यापासून 100 यार्ड, म्हणजे 90 मीटरहून जास्त, आणि इतर प्राण्यांपासून 25 यार्ड अंतर ठेवायचं हा पार्कचा नियम आहे. अस्वल रस्त्यातच असेल तर थांबा, मागे सरका, वाट पाहा. गरज पडली तर परत फिरा.

बेअर स्प्रे (अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा) हाताशी हवा, हँडलला किंवा कमरेला. पॅनिअरच्या तळाशी ठेवलेला स्प्रे नसल्यातच जमा. सेफ्टी क्लिप कशी निघते याचा सराव घरून निघण्याआधी दहा वेळा करा. विमानात तो नेता येत नाही, तिथेच विकत किंवा भाड्याने घ्यावा लागतो.

प्रत्यक्ष दिवस

फार पहाटे निघू नका. रात्री गोठलेलं पाणी सकाळी सावलीत काचेसारखं पसरलेलं असतं. साडेआठ-नऊला अ‍ॅव्हलांच सोडलं तर बरं.

सुरुवातीला देवदाराच्या ओल्या, काळोख्या जंगलातून रस्ता जातो आणि डावीकडे मॅकडोनाल्ड क्रीक दुथडी भरून चाललेली असते. रेड रॉक पॉइंटपाशी थोडं थांबा. मेमध्ये इथल्या खळाळत्या पाण्यात हार्लेक्विन बदकं दिसतात, नराच्या निळसर अंगावर पांढऱ्या रेघा असतात. पुढे लोगन क्रीकनंतर चढ जाणवू लागतो आणि पश्चिम बोगदा येतो. 58 मीटरचा हा बोगदा दरीच्या बाजूने दोन कमानी खिडक्या ठेवून खोदलेला आहे, त्यांतून हेवन्स पीकचं शिखर समोर दिसतं. आत छतातून पाणी गळतं आणि जमिनीवर बर्फ असू शकतो. उतरून चालत गेलात तरी काही बिघडत नाही.

लूप. हे रस्त्यावरचं एकमेव मोठं वळण, 2003 च्या वणव्यात जळालेल्या झाडांचे राखाडी खांब अजून भोवती उभे. इथे दहा मिनिटं बसून खा, पाणी प्या आणि घड्याळ पाहा. बहुतेकांचे अकराच्या आत वाजलेले असतात. कुटुंबासह असाल, मुलं असतील, तर इथून फिरायला काहीच हरकत नाही. उत्तम दिवस झाला.

लूपच्या वर जंगल सुटतं. समोरच्या डोंगरातल्या उंच खळग्यातून बर्ड वूमन फॉल्स कोसळताना दिसतो, उंची सुमारे 170 मीटर. तो वितळत्या बर्फावर जगतो, म्हणून याच दिवसांत भरात असतो. पुढे हेस्टॅक क्रीक, मग बिग बेंड या वळणाजवळची ‘वीपिंग वॉल’. या भिंतीवरून वसंतात पाणी थेट रस्त्यावर येतं. जाकीट आधी घाला, मग तिच्यापाशी जा.

इथे एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. हिमस्खलनाच्या वाटांवर दगडी कठडा टिकत नाही, म्हणून तिथे काढता येणारे लाकडी कठडे आहेत. शरद ऋतूत ते काढून ठेवतात आणि मोटारी सुरू होण्याच्या बेताला परत बसवतात. म्हणजे ज्या दिवसांत रस्ता आपला असतो, त्याच दिवसांत काही ठिकाणी डांबराच्या कडेपलीकडे काहीच नसतं. फोटोसाठी मागे सरकत जाऊ नका. उतरताना बाहेरच्या कडेने असाल तेव्हा वेग आधीच कमी केलेला हवा.

ट्रिपल आर्चेस या तीन कमानींच्या पुढे बर्फाच्या भिंती दोन्हीकडून चढत जातात. दुसऱ्या फेरीत मला इथे कामाचा फलक लागला. सायकल टेकवली आणि भिंतीला हात लावला. यंत्राने कापलेला उभा काप, त्यात बोटभर रुंदीचे थर, एक पांढरा, एक निळसर, मध्ये धुळीची बारीक तपकिरी रेघ. सबंध हिवाळा एका उभ्या पानावर. थराथरातून थेंब टपकत होते. पाऊण तास मी तिथेच होतो.

खिंडीपर्यंत रस्ता मोकळा असेल तर लूपपासून दोन तास धरा. ओबर्लिन बेंड या वळणानंतर वारा बदलतो. लोगन पासचं माहिती केंद्र या दिवसांत बंद असतं, आडोसा नाही, पाणी नाही. कोरडा थर चढवा, खा आणि पंधरा-वीस मिनिटांत निघा.

परत फिरायची माझी वेळ दुपारी दोनची. कुठेही असलो तरी दोनला फिरायचं, खिंड समोर दिसत असली तरी. जूनमध्ये उजेड रात्री नऊपर्यंत असतो, त्यामुळे ‘वेळ आहे की’ असं वाटतं. अडचण उजेडाची नसते. दुपारनंतर ढग जमतात, बर्फ सैल होतो, दगड सुटू लागतात आणि चढून दमलेल्या अंगाला उतरताना ऊब मिळत नाही.

उतार

सगळे कपडे वरच चढवा, ‘पुढे गार वाटलं तर घालू’ म्हणू नका. जुनं वर्तमानपत्र जाकिटाच्या आत छातीवर धरलं तर वारा बराच अडतो, ही सायकलवाल्यांची जुनी युक्ती अजून कामाची आहे. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. सरळ भागात थोडं सोडा, वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबा, पुन्हा सोडा. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला दाबणारे) असतील तर दर चार-पाच किलोमीटरला थांबून रिम गार होऊ द्या, तेवढ्यात हातही मोकळे होतात. वाटेत चढत येणारी लहान मुलं असतात, रस्त्याच्या मधोमध उभे राहून डोंगर पाहणारी माणसं असतात. ती त्यांचीही जागा आहे. तासाभरात खाली पोचाल, त्याहून लवकर पोचायची गरज नाही.

उरलेल्या काही गोष्टी

पूर्वेकडून यायचं तर रायझिंग सन या ठिकाणापासून खिंड सुमारे 19 किलोमीटर. सेंट मेरी तळ्यावरचा वारा मात्र कधी कधी सायकल उभी करू देत नाही, आणि बिग ड्रिफ्टमुळे ही बाजू वरच्या टोकाला उशिरा मोकळी होते. पहिल्यांदा येणाऱ्याने पश्चिमच धरावी.

ई-बाइक चालते, पण मोटारींना बंद असलेल्या भागात पॅडल न मारता नुसत्या मोटरवर जायला मनाई आहे. पार्कातल्या पायवाटांवर सायकल जवळपास कुठेच चालत नाही. मोटारी सुरू झाल्यावर आलात, तर 15 जून ते सप्टेंबरचा पहिला सोमवार या काळात सकाळी 11 ते दुपारी 4 दरम्यान काही भागांत सायकलला बंदी असते, त्यात लोगन क्रीक ते लोगन पास हा चढही येतो. उजाडता निघून अकराच्या आत खिंड गाठावी लागते.

संध्याकाळी अ‍ॅव्हलांचला पोचेपर्यंत शेवटची शटल गेलेली असेल तर घाबरू नका. लॉजपर्यंत 9 किलोमीटर आहेत, ओढ्याच्या बरोबरीने हलक्या उताराचे. गाड्या असतात, म्हणून मागचा लाल दिवा लावा. मी हल्ली शटलच्या वेळेत पोचलो तरी तिला सोडून देतो आणि याच रस्त्याने तळ्यापर्यंत जातो.